गल्लीच्या तोंडाशी काढलेला फोटो

मी ग्रामसेवक आहे. हल्ली या पदाचं नाव बदललंय, पण गाव काही आमच्या नेमणुकीच्या पत्रातलं नाव वाचत बसत नाही. गावात ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. मी बाई. पहिल्या महिन्यात लोकांची पंचाईत झाली, मग एका म्हाताऱ्यानं तोडगा काढला आणि मी ‘भाऊसाहेब मॅडम’ झाले. आधी राग आला, आता तोंडावर लोक नुसतं मॅडम म्हणतात तेच चुकल्यासारखं वाटतं.

माझं माहेर जुन्या जालन्यातलं, धान्याच्या दुकानांच्या गल्लीतलं. तिथं रिक्षा, हमाल, पोती आणि भावाची घासाघीस यांचा एवढा कालवा असायचा की हळू बोलणाऱ्या पोरीला कुणी घरातसुद्धा विचारलं नसतं. त्यामुळे माझा आवाज चढा आणि डोकंही लवकर तापणारं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात या दोन्हींचा हात आहे.

गाव भोकरदन तालुक्यातलं, पिंपळगाव रेणुकाईच्या अंगाला. मिरचीचा मुलूख. तोडणीच्या दिवसांत सगळ्या गावाच्या बायका रानात असतात आणि संध्याकाळी हाताची आग होते म्हणून ताकात बोटं बुडवून बसतात. अशा गावात जिल्ह्याचं सरकार म्हणजे कोण, असं कुणी विचारलं तर लोक माझ्याकडं बोट दाखवतात. मला विचारलं तर मी मोबाईल दाखवते. सकाळी उठून बघावं तर ग्रुपवर वरून आलेले निरोप: घरकुलाची माहिती आज संध्याकाळपर्यंत, अंगणवाडीच्या छताचा फोटो तात्काळ, खांबावरचे किती दिवे बंद ते लगेच कळवा, नळाच्या पाण्याचा नमुना जल्दी पाठवा. जिल्हा मोठा, गावं शेकडो, गरजा हजार. वरच्या माणसांनी तरी काय करावं? ते आमच्याकडं बघतात. आणि आम्ही मोबाईलच्या पडद्यावर बघतो.

पण मी योजनांना नावं ठेवणाऱ्यांतली नाही. आमच्याच गावात पत्र्याखालची माणसं स्लॅबखाली आलेली मी बघितलीत. नवीन घराच्या जोत्यावर एक आजी दिवसभर नुसती बसून होती, जेवायलासुद्धा उठली नाही. तिला जाऊन सांगा, सरकार काही करत नाही म्हणून! तर काम होतं. फक्त ते एका फोटोवरून होतं, आणि तो फोटो कुणीतरी बराबर काढावा लागतो.

त्या वर्षी घरकुलाचं नवीन सर्वेक्षण आलं. मोबाईलमधल्या ॲपवर प्रत्येक कुटुंबाची माहिती भरायची: भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, खोल्या किती. शेवटी कुटुंबप्रमुखाला त्याच्या राहत्या घरापुढं उभं करून फोटो काढायचा. तालुक्याला बसलेला माणूस तो फोटो बघणार आणि हे कुटुंब पात्र की अपात्र ते ठरवणार. तो माणूस कधी आमच्या गावात आलेला नसतो, त्यामुळे त्याच्यासाठी फोटोत दिसतं ते घर.

आमच्या गावात एका गल्लीच्या अगदी शेवटी एक ताई राहते. नवरा वारला, मुलगी आठवीत. ताई मिरची तोडायला जाते, कापूस वेचायला जाते, काम नसेल तर वीटभट्टीवर जाते. बोलायला गोड, पण गरजेपुरतंच बोलणारी. तिच्या गल्लीच्या तोंडाशी एका दादांचं स्लॅबचं घर आहे, गुलाबी रंगाचं, पुढं फरशीचा ओटा. गावात कुणी साहेब येवो, तलाठी येवो की मी, पहिली खुर्ची दादांच्या ओट्यावर पडते आणि पहिला चहा तिथंच होतो. कुणी ठरवलेलं नाही, पडलेली रीत आहे. तोवर त्या ओट्यावर मी किती चहा प्याले असेन त्याची गणती नाही. आणि त्याच गल्लीच्या टोकाला, हाकेच्या अंतरावर, ताईच्या घरी मी एकदाही गेले नव्हते.

सर्वेक्षणाचा शेवटचा दिवस. सकाळपासून पाऊस पडून गेलेला. मी दादांच्या ओट्यावर बसून एकेकाला बोलवून घेत होते. ताई रानातून आली, हात पदराला पुसत. मी प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. फोटोची वेळ आली तशी ती म्हणाली, “चला मॅडम, घर आत हाय.”

मी गल्लीत बघितलं. घोट्याच्या वर चिखल. सांडपाणी मध्ये साचलेलं. आणि माझ्या पायात आदल्याच दिवशी जालन्यातून आणलेली नवी चप्पल.

हो, चप्पल. इतक्या वर्षांनी मला याहून मोठं कारण सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. नाही सांगता येत.

“इथंच उभ्या राहा ताई,” मी म्हणाले. “तुमचा चेहरा आला की झालं.”

“पर मॅडम, हे घर माझं न्हाई ना.”

“अहो, मला जास्त कळतं की तुम्हाला? अजून बारा घरं राहिलीत माझी!”

तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि दादांच्या गुलाबी भिंतीपुढं ताठ उभी राहिली. मी बटण दाबताना ती जराशी हसलीसुद्धा. फोटो फार चांगला आला होता.

आणि त्या चिखलाचंही सांगते. त्या गल्लीतली नाली दरवर्षी गावाच्या आराखड्यात असते. लिहिते कोण? मीच. आणि दरवर्षी ती पुढच्या वर्षावर जाते, कारण आधी शाळेचं कुंपण, आधी स्मशानभूमीचा रस्ता, आधी अजून काहीतरी. तर ज्या चिखलात मला पाय घालायचा नव्हता, त्यात त्या मायलेकी रोज चार वेळा ये-जा करत होत्या.

काही महिन्यांनी याद्या आल्या. शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा भरली. मी आधी पात्र नावं वाचली, मग अपात्र नावं कारणासकट. वाचता वाचता ताईचं नाव आलं आणि माझ्या तोंडून कारणही बाहेर पडलं: राहते घर पक्के.

मागं बायकांमध्ये बसलेली ताई उठून उभी राहिली. “मॅडम, कोणाचं घर पक्कं?”

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, “हाय की, तुझ्या घराला खाली जमीन पक्कीच हाय.” अजून हशा झाला.  माझ्या डोळ्यांपुढं मात्र सरळ तो गुलाबी रंग आला. तिथल्या तिथं सांगायला पाहिजे होतं. मी म्हणाले, “वरून झालंय ते. अपील करता येतं.”

वरून झालंय. आमच्या खात्यात या दोन शब्दांत काय काय झाकलं जातं!

सभा संपल्यावर ती टेबलापाशी आली. बाकीचे पांगेपर्यंत थांबली, मग हळूच म्हणाली, “मॅडम, मागली भिंत बाहेर चाललीय. पोरगी आत झोपती. यंदा न्हाई झालं तर मी काय करू, तुम्हीच सांगा.”

“होईल ताई, मी करते,” मी म्हणाले. आणि खरंच करायचं होतं मला. झोप लागेना.

अपिलाला दोन गोष्टी लागतात: ग्रामसभेचा ठराव आणि माझा अहवाल. ठराव लगेच झाला. अहवालात लिहायचं होतं की फोटो दुसऱ्याच घरापुढं का काढला गेला. मी तीन वेळा कागद फाडला. शेजारच्या गावातल्या एका ग्रामसेवकाला अशाच चुकीसाठी नोटीस मिळाली होती, ती ग्रुपवर सगळ्यांनी वाचली होती. मला भीती वाटली, दुसरं काही नाही. चौथ्या कागदावर मी लिहिलं, “लाभार्थीच्या विनंतीवरून शेजारील घरासमोर फोटो घेण्यात आला.” आणि स्वतःला समजावलं की यात तिचं काय नुकसान आहे, काम झाल्याशी मतलब.

त्या कागदावर तिचीही सही लागत होती. ती ग्रामपंचायतीत आली. “काय लिवलंय मॅडम?” तिनं विचारलं.

“काही नाही, अर्ज आहे तुमचा.”

तिनं सही केली, एकेक अक्षर जोडत. मी शिक्का मारला.

फेरतपासणीला तालुक्याचे विस्तार अधिकारी येणार असं कळलं, म्हणजे घरं प्रत्यक्ष बघून शेरा मारणारे साहेब. मी आदल्या दिवशी ताईला फोन केला. “ताई, उद्या साहेब तुमच्या घरी येणार आहेत. रानात जाऊ नका.” एवढंच बोलले आणि ठेवला.

आता गावातल्या बाईला ‘साहेब घरी येणार’ म्हटल्यावर ती काय करते? हे मला कळायला नको होतं का? मीही याच मातीतली. आमच्या घरी सोयरे यायचे म्हटलं तरी आई भिंतीचे पोपडे झाकायला कॅलेंडर हलवायची.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पँट दुमडून, बूट हातात घेऊन सरळ गल्लीत शिरले. त्यांच्यामागं मी. त्या गल्लीतली माझी ती पहिली खेप. घरापुढं पोचलो आणि मी कपाळावर हात मारून घेतला. अंगण शेणानं सारवलेलं, त्यावर रांगोळी. भिंतींना आदल्या दिवशीचा चुना, अजून ओला वास येत होता. भेगा मातीनं लिंपून गुळगुळीत केलेल्या. आत शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या दोन खुर्च्या, आणि मागच्या भिंतीवर, बरोब्बर जी भिंत बघायची तिच्यावर, मोठ्या मोठ्या फुलांचा पडदा टांगलेला.

“अहो ताई, हे काय करून ठेवलंत!” मी दबक्या आवाजात ओरडले.

“तुम्हीच म्हणल्या ना साहेब येणार म्हणून. मंग घाण घर दावू का त्यांना? मी अन् पोरगी काल सकाळपासून हेच करून राह्यलो.”

 कुणाला कसं सांगायचं, की पाहुणा येतोय तर घर आहे तसंच पडकं ठेवा, तो तेच बघायला येतोय?

साहेब आत आले. इकडं तिकडं बघितलं. माणूस वाईट नव्हता, फक्त दमलेला होता; त्याला त्या दिवशी अजून चार गावं होती. “घर तसं साधं आहे, पण भिंती तर ठीक दिसतात,” ते म्हणाले. खुर्चीवर बसले आणि फाइल उघडली. माझा अहवाल वाचला. मग चष्म्यावरून ताईकडं बघत म्हणाले, “बाई, शेजाऱ्याच्या घरापुढं फोटो काढा, असं तुम्ही सांगितलं होतं?”

ताईनं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं. सारवण फार सुंदर होतं.

“व्हय साहेब,” ती म्हणाली. “मीच म्हणले.”

साहेबांनी सुस्कारा टाकला. “मग बाई, ही दिशाभूल झाली. दुसऱ्याचं घर आपलं म्हणून दाखवलं, असा अर्थ होतो. अपील फेटाळावं लागतंय. आणि असं कारण लागलं की पुढच्या यादीतही नाव घेता येत नाही.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

ताईला सगळे शब्द कळले नसावेत. ती माझ्याजवळ सरकली आणि कुजबुजली, “काय म्हणले साहेब? कधी मिळंल?”

माझं काहीही झालं असतं तरी चाललं असतं, पण त्या क्षणी तिला ते समजावून सांगणं मला जमेना. माझा आवाज फुटला तो त्या गुलाबी घरापर्यंत गेला असणार.

“साहेब, थांबा. लिहू नका! ती खोटं बोलतेय. आणि तो कागदही खोटा आहे, मी लिहिलाय. हिनं मला सांगितलं होतं की घर आत आहे, हे घर माझं नाही. मीच ऐकलं नाही. गल्लीत चिखल होता, माझी चप्पल नवी होती, मला पाय घालायचे नव्हते. एवढंच कारण आहे. दिशाभूल मी केलीय, हिनं नाही.”

दारात माणसं जमली होती. साहेब माझ्याकडं बघतच राहिले. “मॅडम, काय बोलताय कळतंय का? हे लेखी द्यावं लागेल.”

“देते. आत्ता देते.”

“तुमच्यावर येईल.”

“येऊ द्या की!”

एकदा खरं बोललं की माणसाच्या अंगात वारं शिरतं. मी तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी पुढं झाले, तो फुलांचा पडदा धरला आणि हिसडा देऊन खाली ओढला. भिंतीतल्या ओल्या लिंपणात बोटं घातली. माती भसकन निघाली, आतली भेग छपरापासून खालपर्यंत उघडी पडली. तिच्यातून मागच्या बोळातला उजेड दिसत होता.

“मॅडम, कशाला!” ताई ओरडली. तिचा चढा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

साहेब उठले. भिंतीवर तळहात ठेवला, जरासा दाब दिला आणि हात चटकन मागं घेतला.  मग विचारलं, “मुलगी कुठं झोपते?”

ताईनं दाराकडं बोट केलं. बाज पार उंबऱ्याला टेकवून ठेवलेली होती. “भिंत बाहेरच्या अंगानं जाईल साहेब,” ती शांतपणे सांगू लागली. “आत न्हाई यायची. मी रोज निजायच्या आधी हात लावून पाहते. जास्त हललेली वाटली तर पोरीला शेजारी पाठवते.”

 साहेबांनी आपला मोबाईल काढला, भेगेचे फोटो काढले, मग ताईला बाहेर अंगणात उभं केलं. ती आपल्या घरापुढं उभी राहिली, पदर डोक्यावर घेऊन, तशीच ताठ. हसली मात्र नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. तिचं नाव यादीत आलं. मंजुरी मिळाली, पाया खोदला गेला, आज ती पक्क्या भिंतीत राहते. मला नोटीस आली. मी उत्तरात तेच लिहिलं जे तिच्या घरात बोलले होते, चपलेसकट. सेवापुस्तकात नोंद झाली, एवढंच. मी मोठी भीती धरून बसले होते, ती एका ओळीत आटोपली. आणि त्या गल्लीतली नाली मी पुढच्या आराखड्यात पहिल्या क्रमांकावर टाकली आणि तिथून कुणाला हलवू दिली नाही.

पण हे सगळं लिहायला बसले ते यासाठी नाही. साहेब गेल्यानंतर त्या घरात जे झालं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

लोक पांगले. मी मुद्दाम मागं थांबले. खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं की ती आता हात जोडेल, मॅडम तुमच्यामुळं झालं म्हणेल, आणि मी म्हणेन की अहो त्यात काय. मी म्हणाले, “ताई, आता काम होतंय बघा. बिलकुल काळजी करू नका.”

ती खाली बसून पडद्याला लागलेली माती झटकत होती. वर न बघता म्हणाली, “मॅडम, तो कागद मी वाचल्ता.”

“कोणता?”

“सही केली तो. मला वाचता येतं. टाइम लागतो, पर येतं.”

 “मग सही कशाला केलीत?”

“तुमची नोकरी हाय. लेकरंबाळं असतील तुम्हाला बी. मला वाटलं, फोटोचंच तर हाय. घर कसं हाय ते साहेब आल्यावर पाहतीलच डोळ्यांनी.” ती जरा थांबली. “मंग साहेब येणार म्हणून मीच लिंपून ठिवलं. माझी बी चूकच की.”

“नाही हो ताई, तुमची कसली चूक.”

“ते असू द्या. तुम्ही खोटं लिवलं, त्याचा मला राग न्हाई आला.” आता तिनं वर बघितलं. “पर आज तुम्ही पडदा वढला ना, त्याचा आला. सगळी गल्ली दारात उभी होती. तुम्ही मला म्हणायचं होतं, ‘ताई, पडदा काढा.’ मी माझ्या हातानं काढला असता.”

माझा एवढा मोठा आवाज, पण त्या वेळी तो कुठं गेला कुणास ठाऊक. कशीबशी म्हणाले, “चुकलं माझं.”

“हां,” ती म्हणाली. “चुकलं.”

मग पडद्याची घडी घालून ती उठली. तो शेजारणीचा होता, धुऊन परत द्यायचा होता.